टीव्ही बोलतो, पण सेट-टॉप बॉक्स बोलत नाही: दृष्टी गमावलेल्या प्रेक्षकाने काय घ्यावे आणि काय मागावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या ७१ वर्षांच्या वडिलांची दृष्टी काचबिंदूमुळे बरीचशी गेली आहे. समोरच्या लहानशा भागातले अंधुक दिसते, बाजूचे दिसत नाही. घरी केबलचा सेट-टॉप बॉक्स आहे. दुकानदाराने ५५ इंची ‘बोलणारा’ स्मार्ट टीव्ही सुचवला आहे. तो घेतल्यास वडील बातम्या आणि मालिका कोणाच्या मदतीशिवाय लावू शकतील का, आणि पडद्यावर काय घडते आहे हे सांगणारा आवाज मराठी कार्यक्रमांना का नसतो, असे आपण विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो, म्हणजे खरेदी थांबवता येईल. केबलचा बॉक्स तोच ठेवून नुसता टीव्ही बदलला, तर वडिलांच्या अडचणीत फारसा फरक पडणार नाही. टीव्ही सुरू होताना बोलेल, आवाज किती वाढवला ते सांगेल, ‘एचडीएमआय १’ असेही म्हणेल आणि नेमक्या त्याच क्षणापासून, म्हणजे बॉक्सचे चित्र आल्यापासून, गप्प होईल.

टीव्हीतला वाचून दाखवणारा भाग, ज्याला एक कंपनी व्हॉइस गाइड म्हणते आणि दुसरी ऑडिओ गाइडन्स, हा टीव्हीच्या स्वतःच्या मेन्यूतील मजकूर वाचतो. सेट-टॉप बॉक्स मात्र वाहिनीचे नाव, क्रमांक, कार्यक्रमाची वेळ आणि मेन्यूच्या ओळी हे सारे आधी चित्रात मिसळतो आणि ते तयार चित्र तारेतून पुढे पाठवतो. टीव्हीच्या हाती पडते ते छापील पानाच्या छायाचित्रासारखे काहीतरी, ज्यात अक्षरे दिसतात पण मजकूर म्हणून शिल्लक राहिलेली नसतात. म्हणून आवाज द्यायचा तर तो अक्षरे चित्रात मिसळण्यापूर्वी, म्हणजे बॉक्सच्या आत द्यावा लागतो. सेट-टॉप बॉक्सचे सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि आता दृष्टिहीन व्यक्तींना उपकरणे वापरायला शिकवण्यात जातात. या दोन्ही कामांतून पुढचे सगळे मी या एकाच मुद्द्याला धरून सांगतो आहे.

केबलच्या डिजिटायझेशनचा दुसरा टप्पा ज्या ३८ शहरांत झाला त्यांत पुणे होते आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्याआधी केबलची तार थेट टीव्हीत जात असे, वाहिन्या मोजक्या होत्या, आणि डोळ्यांनी न दिसणारा माणूसही ‘सात नंबरला सह्याद्री, अकराला बातम्या’ असे पाठ करून निभावून नेत असे. बॉक्स आल्यावर क्रमांक तीन-चार आकडी झाले, दोन रिमोट आले आणि पडद्यावरचा मेन्यू आला. डोळस माणसाची सोय वाढली. दृष्टिहीन माणसाला जी गोष्ट हाताने जमत होती ती जमेनाशी झाली. याची चर्चा त्या वेळी झाल्याचे मला आठवत नाही.

वरवर क्षुल्लक वाटणारा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात संध्याकाळी अचानक टीव्हीचा आवाज बंद होतो. डोळस माणूस पडद्यावरची सूचना वाचतो: सिग्नल नाही, किंवा रिचार्ज संपला आहे, किंवा कार्ड पुन्हा बसवा. घरात एकट्या असलेल्या दृष्टिहीन माणसाला यांतले काहीच कळत नाही. पावसामुळे सिग्नल गेला असेल तर थांबायचे, पैसे संपले असतील तर फोन करायचा, आणि चुकून एखादे बटण दाबले गेले असेल तर ते परत दाबायचे. पण तिन्ही वेळा त्याला ऐकू येते ती एकच शांतता. मग तो रिमोटची बटणे दाबत सुटतो आणि बॉक्स कुठल्यातरी सेटिंगमध्ये जाऊन अडकतो. शिकवायला बसलो की लोक वाहिनी बदलण्याविषयी कमी आणि या शांततेविषयी जास्त तक्रार करतात.

असा बॉक्स बोलता करणे फार अवघड आहे असा समज असेल, तर तो खरा नाही. कार्यक्रमांची नावे आणि वेळा प्रसारणाबरोबर मजकूर म्हणूनच येतात. बॉक्सला त्या फक्त वाचनयंत्रणेकडे द्यायच्या असतात. टीव्हीने मजकूर कसा वाचून दाखवावा यासाठी आयईसी ६२७३१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१३ मध्येच निघाले. ब्रिटनमध्ये त्याहीआधी, २०१० मध्ये, अंधांसाठी काम करणाऱ्या आरएनआयबी या संस्थेच्या पुढाकाराने बोलणारा सेट-टॉप बॉक्स बाजारात आला होता. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार २० डिसेंबर २०१६ पासून टीव्ही आणि बॉक्स यांचे मेन्यू आवाजातून उपलब्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. आपल्याकडे अडले ते तंत्रावर नव्हे. मी ज्या काळात हे काम करत होतो त्या काळातल्या मागणीपत्रकांत जाहिरात किती सेकंदांत दिसावी याची ओळ असे, बॉक्सने बोलावे अशी ओळ नसे. आणि जे मागितले नाही ते कोणी फुकट लिहून देत नाही. स्वस्त बॉक्समधली अपुरी मेमरी ही खरी अडचण होती, पण ती दुसऱ्या क्रमांकाची.

आता आपल्या घरापुरते बोलू. थेट वाहिन्या आवाजाच्या मदतीने लावायच्या असतील, तर वाहिन्यांची यादी ज्या उपकरणात मजकूर म्हणून असते तेच उपकरण बोलके असले पाहिजे. अँड्रॉइडवर चालणारे संकरित बॉक्स, म्हणजे थेट वाहिन्या आणि इंटरनेटवरचे कार्यक्रम दोन्ही दाखवणारे, डीटीएच कंपन्या देतात. त्यांत टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, असू शकतो. पण थेट वाहिन्यांचा पडदा तो कितपत वाचेल, हे कंपनीने आपले अॅप कसे लिहिले आहे यावर अवलंबून असते. काही पडद्यांवर ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू येते, कारण चित्रांना नावेच दिलेली नसतात. म्हणून ऐकीव माहितीवर बॉक्स घेऊ नये. बसवायला येणाऱ्या माणसाकडून टॉकबॅक सुरू करून घ्यावे आणि वाहिनी बदलल्यावर तिचे नाव ऐकू येते का, हे त्याच्यासमोरच पाहावे.

दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो: केबल बाजूला ठेवून बातम्या आणि मालिका अॅपमधून पाहणे. अमेझॉनच्या फायर टीव्हीवर व्हॉइसव्ह्यू हा स्क्रीन रीडर आहे, अॅपलच्या पेटीवर व्हॉइसओव्हर आहे, गूगल टीव्हीवर टॉकबॅक आहे. फायर टीव्हीच्या रिमोटवर बॅक आणि मेन्यू ही दोन बटणे दोन सेकंद एकत्र दाबून धरली की व्हॉइसव्ह्यू सुरू होतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून ते सुरू करण्यासाठी डोळस माणसाची गरज लागत नाही. सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींवर आवाजाचे बटण दाबून धरल्यावर सुलभतेच्या सोयींचा मेन्यू उघडतो. माइकच्या बटणाचे दुकानदार फार कौतुक करतात. ते उपयोगी आहे, पण ते बोलक्या पडद्याची जागा घेत नाही. ‘आजच्या बातम्या लाव’ असे म्हटल्यावर बारा चित्रांची रांग पडद्यावर आली आणि ती कोणी वाचून दाखवली नाही, तर वडील होते तिथेच राहतात.

एक तांत्रिक बारकावा इथेच सांगून ठेवतो, कारण तो माहीत नसल्याने चांगले उपकरण बिघडलेले समजून परत केले जाते. टीव्हीला साउंडबार जोडला असेल आणि आवाजाची सेटिंग डॉल्बी पासथ्रू अशी असेल, तर कार्यक्रमाचा आवाज बंद पाकिटासारखा थेट साउंडबारकडे जातो आणि स्क्रीन रीडरचा आवाज त्यात मिसळता येत नाही. ती सेटिंग पीसीएम किंवा स्टिरिओ केली की बोलणे बहुधा परत येते.

भाषेचा प्रश्न अधिक कटकटीचा आहे. स्क्रीन रीडरला फक्त इंग्रजी आवाज असेल, तर देवनागरीतले नाव आले की तो ते गाळून पुढे जातो. आणि मराठी मालिकेचे नाव रोमन अक्षरांत लिहिलेले असेल तर तो ते अशा उच्चारात वाचतो की आपलीच मालिका ओळखू येत नाही. अँड्रॉइड फोनवर गूगलचा मराठी आवाज मिळतो, टीव्हीवर तो मिळेलच असे गृहीत धरू नये. म्हणून वडील फोनवर टॉकबॅक शिकायला तयार असतील, तर त्यांनी फोनवर मराठीत ऐकून कार्यक्रम निवडावा आणि तिथून टीव्हीवर कास्ट करावा, म्हणजे वाय-फायवरून टीव्हीकडे पाठवावा. पडदा मोठा मिळतो आणि चालवण्याचे उपकरण रोजच्या सवयीचे राहते. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांपैकी ज्यांना फोनची थोडी सवय आहे, त्यांना हाच रस्ता सर्वांत लवकर जमतो.

आणखी एक शक्यता बाजारात हळूहळू येत आहे. उपग्रहाचा ट्यूनर, म्हणजे डिशकडून आलेला सिग्नल पकडणारा भाग, टीव्हीच्या आतच असावा यासाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२:२०२२ हे मानक काढले आहे. असा टीव्ही आणि छपरावरची डिश एवढ्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशवरील नि:शुल्क वाहिन्या, सह्याद्री धरून, बॉक्सशिवाय दिसू शकतात. याचे कौतुक खर्च वाचतो म्हणून केले जाते. मला त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाटते. वाहिन्यांची यादी टीव्हीच्या पोटात आली की टीव्हीचा स्वतःचा आवाज ती वाचू शकतो, आणि वर सांगितलेली तारेची अडचणच उरत नाही. खरेदी करताना अंगभूत उपग्रह ट्यूनर आहे का, असे स्पष्ट विचारावे.

टीव्हीच्या आकाराविषयी दुकानदाराचा सल्ला वडिलांच्या बाबतीत उलटा ठरण्याची शक्यता आहे. मॅक्युलाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, विकारात मधले दिसत नाही आणि कडेचे दिसते. अशा माणसाला मोठा पडदा आणि जवळची खुर्ची उपयोगी पडते, आणि जवळ बसल्याने डोळे आणखी बिघडतात ही भीती निराधार आहे. काचबिंदूत बहुधा कडेचे आधी जाते आणि मधला झरोका उरतो. त्या झरोक्यात ५५ इंची चित्राचा एक कोपरा मावतो आणि माणूस मान फिरवत राहतो; तेच चित्र लहान असेल किंवा खुर्ची थोडी मागे असेल, तर संपूर्ण चेहरा एका नजरेत येतो. वडिलांच्या दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा कागद नेत्रतज्ज्ञांनी दिलेलाच असेल. तो दाखवून नेत्ररुग्णालयाच्या लो व्हिजन (अंधुक दृष्टी) विभागात सल्ला घ्यावा आणि मगच इंचांचा निर्णय करावा. काचबिंदूत गडद-फिकटातला फरकही कमी कळतो. म्हणून मेन्यूसाठी हाय कॉन्ट्रास्ट आणि मोठी अक्षरे सुरू करावीत, आणि टीव्ही बाल्कनीच्या दारासमोर ठेवू नये.

रिमोटसाठी महागडे काही लागत नाही. आकड्यांच्या रिमोटवर ५ या बटणावर बहुधा उंचवटा असतो. तो शोधायला शिकवला की बाकीचे आकडे बोटांना सापडतात. चालू-बंद आणि बॅक या दोन बटणांवर एम-सीलचा बारीक ठिपका ठेवावा. काही जण टिकली चिकटवतात, ती आठवडाभरात निघते. सध्याचा केबलचा बॉक्स ठेवणारच असाल, तर त्याच्या सेटिंगमध्ये सुरू होताना शेवटची किंवा ठरावीक वाहिनी लागावी अशी सोय आहे का ते पाहावे. ती असेल तर चुकल्यावर बॉक्स बंद करून पुन्हा सुरू करणे हा घरी परतण्याचा हमखास रस्ता होतो.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. चित्रात घडणारे आवाजातून सांगणे याला ऑडिओ डिस्क्रिप्शन किंवा ध्वनिवर्णन म्हणतात. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत निवेदक थोडक्यात सांगतो की कोण आले, हातात काय आहे, कोणी कोणाकडे पाहिले. आपल्या मालिकांत त्याची गरज किती आहे हे डोळे मिटून एक भाग ऐकल्यावर कळते. पार्श्वसंगीताचा दणका तीनदा वाजतो, कॅमेरा तीन चेहऱ्यांवर जातो, आणि ऐकणाऱ्याला एवढेच समजते की काहीतरी भयंकर घडले. त्या जागी ‘सुमन दारात थांबते. तिच्या हातात फाटलेले पत्र. सासूबाई नजर वळवतात,’ एवढी तीन वाक्ये पुरतात. ती वर्तमानकाळात असावीत, दिसते तेवढेच सांगावे. ‘सुमनला धक्का बसतो’ हा निष्कर्ष ऐकणाऱ्याने काढायचा असतो. जुन्या श्रोत्यांना हे कौशल्य परके नाही. बाळ ज. पंडित आकाशवाणीवर क्रिकेटचे मराठी समालोचन करत तेव्हा क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे हेही शब्दांत येई. टीव्हीवरचा समालोचक ते सांगत नाही, कारण ते दिसतेच असे तो धरून चालतो.

प्रसारणाच्या बाजूने यात अडण्यासारखे थोडेच आहे. डिजिटल वाहिनीत एका चित्राबरोबर अनेक ध्वनिमार्ग पाठवता येतात, आणि मुलांच्या किंवा माहितीपटांच्या वाहिन्या आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगू असे मार्ग कित्येक वर्षे पाठवत आहेत. रिमोटवरचे भाषेचे बटण त्यासाठीच असते. त्याच रांगेत ‘मराठी, वर्णनासह’ असा एक मार्ग ठेवता येईल. त्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत वाहिनीच मूळ आवाज आणि वर्णन मिसळून तयार मार्ग पाठवते. दुसरीत फक्त वर्णन वेगळे पाठवले जाते आणि मिसळण्याचे काम बॉक्स करतो. दुसरीत जागा कमी लागते आणि वर्णन केवळ हेडफोनला देता येते, म्हणजे घरातल्या इतरांना ते ऐकावे लागत नाही; पण त्यासाठी बॉक्समध्ये सोय हवी. आपल्याकडचे जुने बॉक्स पाहता पहिली पद्धतच आधी स्वीकारावी असे माझे मत आहे. खर्च आहे तो लेखनाचा आणि वेळेचा. रोजच्या मालिकेचा भाग प्रसारणाच्या जेमतेम आधी हाती येतो, त्यात वर्णन लिहून ध्वनिमुद्रित करायला उसंत नसते, ही निर्मात्यांची तक्रार खोटी नाही. म्हणूनच सुरुवात चित्रपट, पुनःप्रक्षेपण आणि मुलांचे कार्यक्रम यांपासून करावी. ब्रिटनमध्ये हे प्रमाण साधारणपणे कार्यक्रमांच्या १० टक्के ठरवले आहे, तर अमेरिकेत ठरावीक मोठ्या वाहिन्यांना तिमाहीला ८७.५ तास द्यावे लागतात. म्हणजे तिथेही कोणी सगळेच मागितलेले नाही. नेटफ्लिक्सने एप्रिल २०१५ पासून ध्वनिवर्णन देणे सुरू केले, तेव्हा वडिलांना हिंदी-इंग्रजी चालत असेल तर ध्वनीच्या यादीत तो पर्याय शोधून पाहावा.

बातम्यांना तर वेगळा मार्गही लागत नाही. खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग किती वाढवला हे पडद्याच्या तळाशी सरकत असते आणि निवेदक त्याच वेळी राजकारणावर बोलत असतो. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, त्या भागात राहणाऱ्यांना ही ओळ किती मोलाची आहे हे सांगायला नको. ‘स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर संपर्क करा’ याऐवजी तो नंबर उच्चारणे, आणि इशारा देणारी पट्टी दर काही मिनिटांनी वाचून दाखवणे, याला कोणतेही यंत्र लागत नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे, अंमलबजावणी तितकीशी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि संवाद पडद्यावर लिहून दाखवणारी कॅप्शन्स यांचा, तसेच रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशी असण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये टीव्हीसाठी काढलेली मानके श्रवणबाधितांपुरती होती. मार्च २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ध्वनिवर्णन आले, पण ते चित्रपटगृहांसाठी. दोन्हींच्या मध्ये टीव्ही पाहणारा दृष्टिहीन प्रेक्षक राहून गेला. उपकरणांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक दोन भागांत, २०२१ आणि २०२२ मध्ये, आले आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असले पाहिजेत असा निकाल दिला. तेव्हा आज केलेल्या मागणीला पाच वर्षांपूर्वीपेक्षा अधिक वजन आहे.

मागणी करताना ‘अंधांसाठी काहीतरी करा’ असे मोघम लिहू नये. केबल किंवा डीटीएच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, लेखी विचारावे: वाहिनीचे नाव आणि क्रमांक, कार्यक्रमाची यादी, रिचार्ज संपल्याची आणि सिग्नल गेल्याची सूचना या गोष्टी आवाजातून देणारा बॉक्स आपल्याकडे आहे का, नसल्यास केव्हा मिळेल. कलम ४२ आणि आयएस १७८०२ यांचा उल्लेख करावा, वडिलांच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. ते कार्यालय पुण्यातच आहे आणि कलम ८२ नुसार साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे अधिकार त्यांना आहेत. वाहिन्यांनी ध्वनिवर्णन द्यावे ही मागणी मात्र प्रसारणाची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली आहे. ती दिल्लीतील केंद्राच्या दिव्यांग मुख्य आयुक्तांकडे वेगळ्या अर्जाने करावी. दोन्ही विषय एकाच अर्जात घातले, तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.